वळगणीला सबूर, भादव्यात गळ

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण. वक्त्या नागोठणे परिसरात बचत गटांच्या सहयोगिनी आहेत.)

गौरी-गणपती गेले. हळवं भात निसवायला लागलंय. ओढ्याचं पाणी आता गढूळ राहिलेलं नाही, तळाचे दगड दिसू लागलेत. आपल्या पेण-रोह्याकडच्या कितीतरी घरांत गौर तिखटाची असते. आगरी-कोळी घरांत तिला चिंबोऱ्यांचा, मासळीचा नैवेद्य लागतो. श्रावण पाळलेल्या घरात त्या दिवशी कालवणाचा वास सुटला की लेकरं चुलीपासून हलत नाहीत. म्हणून आज मी बोलणार आहे ते ओढ्याच्या, नदीच्या माशांबद्दल.

तुम्ही म्हणाल, ताई दर वेळी हप्ता, व्याज, लेखापरीक्षण यावर बोलते, आज मासे कुठून आले? तर मासे आले आमच्या हप्त्याच्या वहीतून. ते कसं, ते पुढे सांगते. आधी नदीबद्दल बोलू.

आपली अंबा नदी सह्याद्रीतून उतरते, पालीजवळून वाहत नागोठण्याला येते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. नागोठण्याचा जुना दगडी पूल चौलच्या काझी अलाउद्दिनने १५८२ च्या सुमारास बांधला, अशी नोंद आहे. म्हणजे चारशे वर्षांपेक्षा जास्त काळ माणसं या पाण्यावरून ये-जा करतायत. खाडीची भरती नागोठण्याजवळपर्यंत पोचते. त्यामुळे खालच्या अंगाला खाडीची मासळी आणि वर डोंगराकडे गोड्या पाण्याची. शिवडा, मळ्या, मरळ, वाम, शिंगटी ही नावं तुम्हाला मी सांगायची गरज नाही. ओढ्यातला खेकडा तर आपल्या सगळ्यांच्या माहितीतला.

आता वळगण. आपल्याकडे वलगण म्हणतात, खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे चढणीचे मासे म्हणतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढे भरले की नदीतला मासा पाण्याच्या उलट दिशेने वर चढतो. ओढ्यातून वहाळात, वहाळातून शेतात. त्या रात्री गावात कोण झोपतं? बॅटऱ्या, पाग, टोपल्या, कोयते घेऊन सगळे बांधावर. मीही लहानपणी गेले आहे. भावाने बॅटरी धरायची आणि मी बादली. एकदा बादली इतकी भरली की दोघांना उचलेना. आईने मासे चिरले तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात अंडी. आम्हाला आनंदच झाला, गाभोळी तळून मिळणार म्हणून. तो मासा वर कशाला चढत होता, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तो अंडी घालायलाच चढत होता. शेतातलं पाणी उथळ असतं, उबदार असतं. त्यात गवत असतं, बारीक किडे असतात. मोठा मासा तिथे सहसा येत नाही. पिल्लांना वाढायला यापेक्षा चांगली जागा नाही. रोहूसारख्या माशाच्या मादीत वजनाच्या दर किलोमागे लाख-दोन लाख अंडी असतात. सगळी जगत नाहीत, फार थोडी जगतात. पण मादीच वाटेत पकडली तर जगायला काही उरतच नाही. आणि आपण ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं बांधलं, तर एकही मादी वर पोचत नाही.

जी पिल्लं वर जन्मतात, ती श्रावणभर शेतात वाढतात. आपल्या जुन्या लोकांनी श्रावणात मासळी बंद ठेवली ती देवाधर्माच्या नावाने. पण पिल्लांना त्यात महिनाभर उसंत मिळते हेही खरं. मग भादव्यात पाणी उतरायला लागतं आणि ही बोटभर पिल्लं शेतातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला परत निघतात. इथे आपण दुसरी चूक करतो. बांधाच्या तोंडाशी जुनी मच्छरदाणी लावून ठेवतो. सकाळी त्यात किलो-दोन किलो पिल्लं सापडतात. ती एका वेळच्या कालवणालाही नीट पुरत नाहीत. तीच पिल्लं नदीला गेली असती तर पुढच्या वर्षी चार पाट्या मासे झाले असते.

आता वहीची गोष्ट. आमच्या एका गटात वाडीवरची एक कातकरी ताई आहे. तिने गटातून पाच हजार रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. त्यातून तिने वजनकाटा घेतला, थर्माकोलचा मोठा डबा घेतला. ओढ्यातले मासे आणि खेकडे ती रस्त्याच्या कडेला बसून विकायची. पावसाळ्याचे चार महिने तिचा हप्ता कधी चुकला नाही. मग एका भादव्यात लागोपाठ तीन बैठकांना तिचा हप्ता आला नाही. तिसऱ्या बैठकीला ती स्वतःही आली नाही. आमच्या नियमाप्रमाणे मी वहीत थकबाकी लिहिली आणि दहा-दहा रुपये दंड लावला. विचारलं नाही. वहीत रकाना होता, तो मी भरला.

चौथ्या आठवड्यात मी वाडीवर गेले. ती म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर ओढ्यावर चला." गेले. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. मला वाटलं किती छान. ती म्हणाली, "नीट बघा, यात काही हलतंय का?" काही हलत नव्हतं. मासा नाही, झिंगा नाही, बेडकाचं पिल्लू नाही, पाण्यावर धावणारा किडासुद्धा नाही. दगडांच्या फटीत मेलेले खेकडे होते. दोन माणसं मोटरसायकलवरून आली होती, वरच्या डोहात टीसीएल पावडर ओतून वर आलेले मोठे मासे गोळा करून निघून गेली. गोणीभर मासे त्यांनी नेले. बाकी सगळं मेलं ते तसंच सोडून गेले. वाडीतल्या बाया त्याच पाण्यावर भांडी घासतात, त्यांची गुरं तेच पाणी पितात.

टीसीएल म्हणजे आपण विहिरीत टाकतो तीच पावडर. विहिरीत ती मोजून टाकतात म्हणून औषध. डोहात ओतली की तिच्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि मासा पाण्यात असून गुदमरतो. तिला लहान-मोठा कळत नाही. कुणी करंट लावतं, कुणी सुरुंगाची दारू टाकतं. करंटच्या वायरने माणसंही जातात. पाण्यात दारू उडवून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. म्हणजे आपल्या पणजीच्या काळापासून हा गुन्हा आहे. गेळफळं कुटून डोहात टाकायची आपली जुनी रीत आहे, तीही काही वेगळी नाही. गुंगी सगळ्यांनाच येते.

तिचा दंड मी त्याच दिवशी काढला आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांपुढे माझी चूक सांगितली. त्याच बैठकीत ओढ्याचा विषय निघाला आणि मोठं भांडण झालं. मी मांडलं की यंदापासून वळगणीचे मासे कुणीच धरायचे नाहीत. एक वयस्कर काकू उभ्या राहिल्या. "वलगण सोरायची म्हंजे काय गो? वर्साची एकच रात. आमच्या आज्यापासून चालत आलंय." दुसऱ्या दोघी म्हणाल्या, गाव धरणारच, मग आपणच का सोडायचे? आणि मग ती वाडीवरची ताई बोलली. फार हळू बोलली. "पावडर टाकणारा गाडीवरून आला नि गेला. त्याला कुणी हटकलं नाही. आता तुमची नजर माझ्या टोपलीवर."

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. कारण ते खरं होतं. नियम करायला बसलं की तो पहिल्यांदा गरिबावर बसतो. ज्याच्याकडे शेत आहे, दुकान आहे, तो वळगण सोडून देईल आणि बाजारातून सुरमई आणेल. ज्या घरात पावसाळ्यात मजुरी नाही, त्या घरात ओढ्याचा मासा हेच कोरड्यास असतं.

तेव्हा एकीने समुद्राचं उदाहरण काढलं. तिचं माहेर कोळीवाड्यातलं. आपल्या राज्यात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. कारण तोच माशांच्या विणीचा काळ. पण साध्या, बिनइंजिनाच्या होडीवाल्याला त्यातून सूट आहे. म्हणजे पोटापुरतं धरणाऱ्याला मुभा आणि ओरबाडणाऱ्याला बंदी. हे सगळ्यांना पटलं. समुद्राला हा न्याय आहे, तर ओढ्याला का नको?

नुसतं आपल्याकडेच असं नाही. हिमाचल प्रदेशातल्या थंडगार नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. तो मूळचा तिथला नाही, इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून सोडला. लांबून लोक त्याच्यासाठी येतात. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात आणि ती पाण्यावर हलकेच टेकवतात. मासा किडा समजून उडी घेतो. पण तिथे सरकारी परवाना लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तो मासा धरायला बंदी असते, कारण तो हिवाळ्यात अंडी घालतो. ट्राउट आपल्या उष्ण पाण्यात जगणार नाही. पण त्यामागचा विचार आपल्याला घेता येतो. विणीच्या वेळी मासा सोडायचा आणि नंतर एकेक करून गळाने धरायचा.

आणि गळाला आपल्याकडे खरा हंगाम हाच, भादवा-आश्विन. पाणी निवळलेलं, मासा भरलेला, मोठ्यांची अंडी घालून झालेली. गळ म्हणजे पोरांचा खेळ किंवा पुरुषांचा उद्योग असं आपण समजतो. बायांनी टोपली, पदर, हात वापरायचे. पण आमच्या गटातल्या सात-आठ जणी गेल्या दोन वर्षांत गळ शिकल्या. शिकवलं वाडीवरच्या त्या ताईनेच. तिने सांगितलेलं मी जसंच्या तसं सांगते.

पातळ, लवचिक कळकाची काठी घ्या, आपल्या उंचीच्या दीडपट. तंगूस बारीक घ्या, निवळ पाण्यात जाड दोरी माशाला दिसते. गरी लहान घ्या. वर भेंडाचा तुकडा बांधा, नसेल तर जुन्या रबरी चपलेचा चालतो. तो बुडला की समजायचं.

मासा नेहमी पाणी येतं त्या दिशेला तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणून ओढ्याच्या खालच्या अंगाने वर चढत जायचं, म्हणजे आपण त्याच्या पाठीमागे राहतो. सूर्य असा ठेवायचा की आपली सावली डोहावर पडणार नाही. पाय आपटायचे नाहीत, जमिनीचा हादरा पाण्यात जातो. धावतं पाणी जिथे डोहात शिरतं ती जागा आणि मोठ्या दगडाच्या आडोशाची जागा, मासा इथेच थांबतो. त्याला तिथे जोर लावावा लागत नाही आणि खाणं दारात येतं. गळ थेट त्याच्या डोक्यावर टाकायचा नाही. थोडा वर टाकायचा आणि पाण्याबरोबर वाहत खाली येऊ द्यायचा. वेळ म्हणाल तर पहाटेनंतरची किंवा ऊन कलल्यावरची. भर दुपारी बसून कंटाळा येईल.

आमिष गांडुळाचं चालतं, कणकेच्या गोळीचं चालतं. पण भादव्यात नाकतोडा सगळ्यात चांगला. काठाच्या गवतातून नाकतोडे पाण्यात पडतात, मासा त्यांची वाटच बघत असतो. पावसाची उघडीप पडल्यावर पंखवाल्या वाळव्या उडतात, त्या संध्याकाळी तर मासा पाण्याच्या वर उसळतो. हिमाचलातले ते लोक पिसांची खोटी माशी करतात, आपल्याकडे खरी फुकट मिळते.

मासा गळाला लागला की ठरवायचं, ठेवायचा की सोडायचा. वितीपेक्षा लहान असेल तर सोडा. पोट फुगलेलं, अंड्यांचं दिसत असेल तर सोडा. काही मासे उशिरापर्यंत अंडी घालतात. सोडताना हात आधी पाण्यात ओले करा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं कातडं राखतो. कोरड्या हाताने तो निघतो आणि मासा पुढे रोगाने मरतो. मग पाण्यातच त्याला दोन्ही हातांत धरा, तोंड प्रवाहाकडे ठेवा, तो स्वतः निघून जाईल. जाळ्यात आणि पावडरीत ही निवड करता येत नाही. गळाने येते.

काळजी दोन-तीन गोष्टींची. एकटीने जायचं नाही. इथे ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की ओढा बघता बघता चढतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला की तिथून लगेच उठायचं. १९८९ च्या जुलैमध्ये याच अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यात काय केलं, ते आपल्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोची भीती असते. पाण्यात जाऊन आल्यावर ताप, अंगदुखी झाली तर घरी न बसता सरकारी दवाखाना गाठा आणि पाण्यात उतरले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मासा राखता येतो का, असं वाटत असेल तर एकदा महाड तालुक्यात वाळणकोंडीला जाऊन या. आपल्याच जिल्ह्यात आहे. काळ नदीच्या डोहाकाठी वरदायिनी देवीचं ठिकाण आहे. त्या डोहातला मासा कुणी धरत नाही, देवीचा मानतात. हातभर लांबीचे महसीर तिथे काठाशी येतात, लोक त्यांना खायला टाकतात. पहारेकरी नेमलेला नाही, भिंत बांधलेली नाही. लोकांनी ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलं, एवढंच. आणि घाटावर लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात महसीरची पिल्लं तयार करून कितीतरी ठिकाणी सोडली गेली. पण सोडलेलं पिल्लू जगायला पाणी जिवंत पाहिजे.

त्या भांडणानंतर आमच्या ग्रामसंघाने जे ठरवलं, ते सांगते. पटलं तर तुमच्या बैठकीत मांडा.

पहिलं, पावडर, करंट, दारू कुणीही टाकलेली दिसली तर लपवायचं नाही. आधी पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला कळवायचं आणि वाडीला पाणी न वापरण्याचा निरोप द्यायचा. हा नियम पहिला ठेवला, कारण ताईचं म्हणणं तेच होतं.

दुसरं, वळगणीला ओढ्याची पूर्ण रुंदी अडवायची नाही. निम्मा ओढा माशासाठी मोकळा. पहिले तीन दिवस विक्रीसाठी कुणी धरायचे नाहीत, घरच्या कालवणापुरते चालतील. काकूंची एक रात्र त्यांना मिळाली आणि मादीलाही वाट मिळाली.

तिसरं, भादव्यात बांधाच्या तोंडाला मच्छरदाणी लावायची नाही.

चौथं, फवारणीचा पंप ओढ्यात धुवायचा नाही. शेतात, पाण्यापासून लांब धुवायचा. हे घरच्या पुरुषांना सांगायचं काम आपलं.

आणि पाचवं आमच्या गटाचं स्वतःचं. हप्ता चुकला तर दंड लिहायच्या आधी घरी जाऊन यायचं.

दोन वर्षांत ओढा पहिल्यासारखा झाला, असं मी म्हणणार नाही. वरच्या डोहात खेकडे परत दिसतात, झिंगे दिसतात. मोठा मासा अजून कमी आहे. नियम मोडणारेही आहेत. गेल्या वळगणीला रात्री आमच्याच गटातल्या एकीच्या घरच्यांनी ओढा पूर्ण अडवला होता. तिनेच पहाटे जाऊन अर्धं जाळं सोडलं आणि घरी बोलणी खाल्ली. बैठकीत तिने हे सांगितलं तेव्हा काकूंनी पहिल्यांदा टाळी वाजवली.

वाडीवरच्या ताईचं कर्ज फिटलं. उशीर झाला, पण फिटलं. या गौरीला तिने मला बोलावलं होतं. केळीच्या पानात भाजलेला शिवडा आणि तांदळाची भाकरी वाढली. गळाने धरलेला होता. म्हणाली, "ताई, दोन होते. एक पोटाशी होती, सोडली."

येत्या रविवारी एखादी काठी काढा, लेकीला बरोबर घ्या आणि ओढ्यावर जाऊन बसा. मासा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी आपल्या ओढ्यात काय हलतंय आणि काय हलायचं थांबलंय, ते नीट बघून या आणि पुढच्या बैठकीत सांगा.